वळवाची वादळे कशाने उठतात?

चैत्र महिना सरत आला होता. काही वर्षांपूर्वी आम्ही मिरज तालुक्याच्या पूर्वभागातील एका खेड्यात मुक्कामास होतो. तीन दिवस असा उकाडा झाला की, रात्री घरात कोणास निजवेना. गावातील जाणती माणसे रोज दुपारी म्हणत, "आज वळीव येणारच." लोकांनी खळ्यात वाळत घातलेली हळद गोळा करून झाकली, कडब्याच्या गंजी शाकारल्या, आणि ते आकाशाकडे पाहात बसले. तिन्ही दिवस ढगाचा ठिपका दिसला नाही. चौथ्या दिवशी उकाडा थोडा कमी वाटला, म्हणून सर्वांनी हळद पुन्हा उन्हात पसरली व ते शेतांवर गेले. त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी काळा ढग उठला, धुळीचा लोट आला, गारा पडल्या, आणि गावाबाहेरील चिंचेवर वीज पडून झाडाखाली बांधलेली बैलजोडी जागच्या जागी मेली.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर ती इतर अनेक गोष्टींसारखीच होती. परंतु त्या गावात दहा वर्षांचा एक पायाळू मुलगा होता. वीज पडली तेव्हा तो चिंचेपासून हाकेच्या अंतरावर शेळ्या राखीत होता. पायाळू मनुष्याकडे वीज ओढली जाते, अशी समजूत आपल्या प्रांती सर्वत्र आहे. "वीज त्याच्यासाठी आली होती, तो चुकला आणि बैल गेले," असे लोक बोलू लागले, व बैलांच्या धन्याने मुलाच्या बापाजवळ भरपाई मागितली. बोलणाऱ्यांत आमच्या मंडळीतीलही माणसे होती, हे सांगण्यास आम्हांस लाज वाटते.

रात्री बैठक भरली. आम्ही उठून म्हणालो, "वळीव व वीज ही उकाड्याने हवा वर चढते त्यापासून होतात. त्यात ह्या लेकराचा काय संबंध?" तेव्हा एका वृद्ध गृहस्थाने शांतपणे विचारले, "पाळकसाहेब, उकाड्याने वळीव येतो म्हणता, तर तीन दिवस उकाडा होता तेव्हा तो का आला नाही? आणि उकाडा कमी झाला त्या दिवशी का आला?" आम्हांस उत्तर देता आले नाही. आमचे शाळेतील ज्ञान तेथेच संपले. आम्ही खाली बसलो, आणि मुलाच्या बापास काही रक्कम भरावी लागली.

त्या दिवसापासून ह्या विषयावर जे मिळेल ते आम्ही वाचीत आलो. तेव्हा कळून आले की, ज्या प्रश्नापुढे आम्ही निरुत्तर झालो, त्याच प्रश्नावर मोठमोठे विद्वान सुमारे दोनशे वर्षे वाद करीत आले आहेत. जे त्यांनी शोधून काढले ते खेड्यातील उपदेशक बंधूंस व शिक्षकांस समजावे, आणि आमच्यासारखी पाळी त्यांच्यावर येऊ नये, ह्या हेतूने हा पाठ लिहिला आहे.

१. हवा वर का चढते

चुलीवर भाताचे आधण ठेवले म्हणजे तळचे पाणी तापून हलके होते व वर येते. वरचे थंड पाणी जड असल्यामुळे खाली जाते. ह्या फिरण्यास शाळेच्या पुस्तकांत अभिसरण असे नाव आहे. हवेतही तेच घडते. उन्हाळ्यात भर दुपारी घारी पंख न हालविता गोल फिरत उंच जातात. त्या तापून वर चढणाऱ्या हवेवर स्वार झालेल्या असतात. माळावर उठणारी वावटळ हेही ह्याच अभिसरणाचे लहान रूप होय.

परंतु वर चढणारी हवा चढता चढता निवते. उंचावर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे ती फुगते, आणि फुगण्यात तिची उष्णता खर्च होते. सायकलीच्या पंपात हवा दाबली म्हणजे पंपाचे टोक गरम होते. येथे त्याच्या उलट घडते. कोरडी हवा एक किलोमीटर वर गेली की सुमारे १० अंशांनी निवते. जमिनीवर ४० अंश असलेली हवा तीन किलोमीटरांवर १० अंशांची होईल. इतकी निवल्यावर ती शेजारच्या हवेपेक्षा उबदार राहणार नाही, व तिचे चढणे थांबेल. तर मग बारा-पंधरा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो तो कोणाच्या बळावर?

ह्याचे उत्तर आपल्या घरातील माठात आहे. माठाच्या अंगातून पाणी पाझरते, त्याची वाफ होते, व ती वाफ होताना माठातील उष्णता घेऊन जाते. म्हणून आतले पाणी गार राहते. ती उष्णता नाहीशी होत नाही. ती वाफेत गुप्त राहते, आणि वाफेचे पुन्हा पाणी झाले म्हणजे परत सुटते. एक किलो पाणी बर्फाइतक्या थंडीपासून उकळीपर्यंत तापविण्यास जितकी उष्णता लागते, तिच्या सुमारे सहापट उष्णता हवेतील एक किलो वाफेचे पाणी होताना सुटते.

आता चढणारी हवा दमट असेल तर काय होईल ते पाहा. काही उंचीवर तिच्यातील वाफेचे थेंब होऊ लागतात, म्हणजे ढग दिसू लागतो. तेथून पुढे सुटलेल्या उष्णतेमुळे ती पूर्वीइतकी झपाट्याने निवत नाही. किलोमीटरमागे १० अंशांऐवजी पाच-सहा अंशच निवते. म्हणून ती शेजारच्या हवेपेक्षा उबदार राहते व आणखी वर जाते. हे बळ केवढे? एका एकरावर एक इंच पाऊस पडला तर सुमारे एक लक्ष लिटर पाणी होते. तेवढी वाफ पाण्यात बदलताना वर जी उष्णता सुटते, ती सुमारे दहा टन चांगल्या दगडी कोळशाच्या उष्णतेइतकी असते. हा हिशोब एका एकराचा. वळवाचा एक ढग हजारो एकरांवर बरसतो. तेव्हा जमिनीचा उकाडा हा केवळ काडी होय. सरपण म्हणजे वाफ.

२. अमेरिकेतील वाद

ही गोष्ट प्रथम जोराने मांडणारा अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरचा जेम्स एस्पी. त्याने आपले मत १८४१ साली 'वादळांचे तत्त्वज्ञान' अशा अर्थाच्या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्याचे म्हणणे असे की, तापलेली दमट हवा मध्यावर वर चढते, वाफेची उष्णता सुटल्याने तिला जोर येतो, आणि रिकामी झालेली जागा भरण्यास चोहोंकडून वारे सरळ मध्याकडे धावतात. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने हे मत तपासून अनुकूल अभिप्राय दिला.

त्यास विरोध केला तो विल्यम रेडफील्ड ह्याने. हा मनुष्य विद्यापीठात शिकलेला नव्हता. लहानपणी तो खोगीर व घोड्यांचे साज करण्याच्या धंद्यात उमेदवार होता. १८२१ च्या सप्टेंबरात मोठे वादळ होऊन गेल्यावर तो पायी प्रवासास निघाला असता त्याने पडलेली झाडे पाहिली. एका भागात झाडांचे शेंडे वायव्येकडे होते. तेथून दूर दुसऱ्या भागात ते आग्नेयेकडे होते. त्यावरून त्याने अनुमान केले की, वादळ हा एक प्रचंड भोवरा आहे व वारा मध्याकडे न जाता मध्याभोवती फिरतो. हे त्याने १८३१ साली छापले. डोळ्यांनी पाहिलेल्या झाडांवरून हे अनुमान काढणारा तो कारागीर पुढे १८४८ साली अमेरिकेतील विज्ञानसंवर्धक सभेचा पहिला अध्यक्ष झाला.

तिसरा रॉबर्ट हेअर नावाचा रसायनशास्त्राचा अध्यापक होता. त्याच्या मते वादळाचे मूळ विजेत होते. हे तिघे अनेक वर्षे एकमेकांविरुद्ध लिहीत व बोलत राहिले. एस्पीस वारे मध्याकडे जाताना दिसत, रेडफील्डास ते भोवती फिरताना दिसत. दोघांनीही खऱ्या नोंदी जमविल्या होत्या. परंतु प्रत्येक जण आपल्याला सापडलेला अर्धा भाग हाच सर्व आहे असे धरून बसला होता. १८५६ साली विल्यम फेरेल नावाच्या एका शाळामास्तराने मार्ग दाखविला. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून मध्याकडे निघालेला वारा वाटेत एका बाजूस वळतो, आणि भोवऱ्यासारखा फिरत फिरत आत जातो. म्हणजे एस्पीचे आत जाणे खरे, व रेडफील्डाचे फिरणेही खरे. विजेस मात्र मूळ कारण म्हणता येत नाही. ती ढगाच्या अभिसरणापासून निपजते, अभिसरण तिच्यापासून निपजत नाही.

एस्पीची एक चूक आपल्या दुष्काळी तालुक्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. उष्णतेने हवा वर चढते, तर जंगले पेटवून पाऊस पाडता येईल, असे त्याने सुचविले. ते सिद्धीस गेले नाही. हवेत वाफ नसली तर काडी कितीही मोठी असो, सरपणावाचून चूल पेटत नाही. आजही जे ढगांत क्षारांचे कण सोडण्याचे प्रयोग होतात, त्यांत आधी ढग असावा लागतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने सोलापूर भागात २०१८ व २०१९ साली असे प्रयोग केले. तेव्हा वाढू लागलेले योग्य ढग निवडून पेरले असता पाऊस सरासरी सुमारे १८ टक्क्यांनी वाढल्याचे त्यांनी पुढे प्रसिद्ध केले. निरभ्र आकाशातून पाऊस काढण्याची युक्ती कोणाजवळ नाही. जो तसे सांगून पैसे मागेल त्यास पैसे देऊ नयेत.

३. वाद आपल्या देशात येतो

बंगालच्या उपसागरातील वादळांनी हा प्रश्न आपल्या दारात आणला. कलकत्त्यास हेन्री पिडिंग्टन नावाचा एक पूर्वीचा जहाजी कप्तान होता. तो गलबतांच्या नोंदवह्या गोळा करून वादळांचा अभ्यास करी. इंग्रजी भाषेत चक्रीवादळास जे 'सायक्लोन' नाव आहे ते त्यानेच योजिले, आणि १८४८ साली खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात त्याचा प्रसार केला. पुढे १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले. त्याचे पहिले मुख्य हेन्री ब्लॅनफर्ड व त्यांच्या मागून आलेले जॉन एलियट ह्या दोघांनीही उपसागरातील वादळांचे बळ वाफेचे पाणी होण्यात आहे, असेच प्रतिपादिले.

युरोपात मात्र उलटे वारे वाहू लागले. व्हिएन्ना येथील यूलियुस हान ह्यांनी आल्प्स पर्वतावरील उंच ठाण्यांच्या नोंदी पाहून १८९० साली दाखविले की, त्या देशांतील वादळाच्या मध्यावरची उंच हवा पुष्कळदा शेजारपेक्षा थंड असते. तापलेली हवा वर चढून वादळ होत असेल तर ती उबदार असावयास पाहिजे होती. १९१९ च्या सुमारास नॉर्वेतील बर्गेन येथील अभ्यासकांनी उलगडा केला की, त्या थंड देशांतील मोठी वादळे शीत व उष्ण हवेच्या सीमेवर, त्या दोहोंच्या झगड्यातून उठतात. म्हणजे एक देशाचे कारण दुसऱ्या देशास जसेच्या तसे लागू पडत नाही. उष्ण समुद्रावरील चक्रीवादळांत वाफेचे बळ मुख्य आहे ह्याविषयी आज दुमत नाही; परंतु १९६४ साली चार्नी व एलियासन ह्यांनी ढगांच्या अभिसरणास पुढारीपण दिले, तर १९८६ साली इमॅन्युएल ह्यांनी समुद्राच्या पृष्ठावरून वाऱ्याने उचललेल्या उष्णतेस ते दिले. हा वाद अजून मिटलेला नाही.

४. त्या वृद्ध गृहस्थाच्या प्रश्नाचे उत्तर

आता आपल्या वळवाकडे येऊ. हवामान खात्याचे मुख्य ठाणे १९२८ साली पुण्यास आले. त्या काळी, १९२७ पासून १९४४ पर्यंत, चार्ल्स नॉर्मंड हे खात्याचे मुख्य होते. हवेतील वाफेमुळे जे अस्थैर्य येते त्यावर त्यांनी १९३८ साली एक प्रसिद्ध लेख लिहिला. त्यांतील तत्त्व आम्ही आपल्या भाषेत असे सांगतो : उतारावर उभ्या केलेल्या बैलगाडीच्या चाकाखाली दगड लावलेला असतो. गाडी स्वस्थ दिसते. गाडीत भार आहे, उतारही आहे. परंतु कोणी धक्का देऊन चाक त्या दगडावरून पलीकडे नेले, तरच ती धावते, आणि एकदा धावू लागली की कोणाच्या ढकलण्याची वाट पाहात नाही. उन्हाळ्यातील हवा अशीच असते. खालची हवा दमट व तापलेली असली तरी तिच्यावर पुष्कळदा उबदार कोरड्या हवेचा थर झाकणासारखा बसलेला असतो. खालून चढणारी हवा त्या थराशी थांबते. तो थर ओलांडण्याइतकी ती उचलली गेली, म्हणजे मात्र आपल्याच बळाने बारा किलोमीटर वर जाते.

ह्यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली, केवळ उकाडा पुरत नाही, वाफही पाहिजे. आपल्या पूर्वेकडील तालुक्यांत वायव्येकडून कोरडा वारा वाहत असला तर पारा ४० अंशांच्या वर गेला तरी आकाश कोरडेच राहते. दुसरी, वाफ असली तरी झाकण फोडणारा धक्का पाहिजे. तो कधी डोंगरापासून मिळतो. कधी समोरासमोर येणाऱ्या दोन वाऱ्यांच्या गाठीपासून मिळतो. उन्हाळ्यात दक्षिण भारताच्या मध्यभागी वायव्येचा कोरडा वारा व समुद्राकडून येणारा दमट वारा ह्यांची गाठ पडते, आणि ती जेथे पडेल तेथे वळीव उठण्याचा संभव अधिक असतो. कधी शेजारच्या ढगातून खाली कोसळलेला थंड वाराच जमिनीवरून पसरत येऊन पुढची हवा उचलतो. गारांच्या आधी जो धुळीचा लोट येतो, तो हाच.

झाकण वरूनही उचलले जाते. भारतीय हवामान खात्यातील सी. रामस्वामी ह्यांनी १९५६ साली हा मुद्दा पुढे आणला. त्यांनी पाहिले की, उन्हाळ्यात उत्तरेकडे व बंगालकडे हवा अनेक दिवस अस्थिर असते. तरी मोठी वादळे काही दिवसच होतात. त्या दिवसांचे वेगळेपण त्यांस फार उंचावर सापडले. तेथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वायुप्रवाह आहे. तो जेथे वरची हवा फाकवून दूर नेतो, तेथे खालची हवा वर ओढली जाते. धुराडे चांगले असले म्हणजे चूल जशी भडकते तसे होते. ज्यांनी जमिनीच्या उष्णतेवरच सर्व भार ठेविला होता, त्यांस हे नवे होते.

वाऱ्याची आणखी एक कामगिरी आहे. अमेरिकेत १९४६ व १९४७ साली विमाने ढगांत घालून बायर्स व ब्रॅहम ह्यांच्या देखरेखीखाली तपासणी झाली. तीत दिसले की, साधा वळवाचा ढग तासाभरात आपणच मरतो. कारण त्याचा पाऊस त्याच्याच चढत्या झोतावर पडून तो विझवितो. परंतु उंचावरील वारा खालच्या वाऱ्याहून पुष्कळ जोराचा असला तर चढता झोत कलता राहतो, पाऊस बाजूस पडतो, व ढग कित्येक तास जगतो. ही कल्पना नॉर्मंड ह्यांनीही १९४६ साली मांडली होती. मोठ्या गारा बहुधा अशाच ढगांतून पडतात. सुमारे पाच किलोमीटरांवर पाणी गोठण्याची थंडी असते. जोराचा झोत गारेस तेथेच तोलून धरतो, तिच्यावर बर्फाची पुटे चढतात, आणि भार सोसेनासा झाला की ती खाली येते.

२०१४ सालची गारपीट वाचकांस आठवत असेल. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात ठिकठिकाणी गारा पडून गहू, हरभरा, द्राक्षे ह्यांचा नाश झाला. तो काही भर उकाड्याचा काळ नव्हे. परंतु त्या वेळी उंचावरील पश्चिमेचा थंड प्रवाह नेहमीपेक्षा दक्षिणेकडे उतरला होता, व खाली समुद्राकडून दमट वारे येत होते. वर थंडी व खाली वाफ असल्यावर अभिसरणास मे महिन्याच्या उन्हाची वाट पाहावी लागली नाही. तासगावच्या द्राक्षबागाईतदारास जी भीती फेब्रुवारी-मार्चात वाटते ती ह्याच कारणाने खरी आहे.

तेव्हा त्या वृद्ध गृहस्थास आज आम्ही असे उत्तर देऊ : "बाबा, तीन दिवस गाडी उतारावर उभी होती, पण तिच्यात भार थोडा होता व चाकाखाली दगड होता. चौथ्या दिवशी दमट वारा आला, म्हणून उकाडा कमी भासला. त्याच वाऱ्याने वाफ आणली व दगड काढला. उकाडा कमी होणे हीच वळवाची खूण होती. आम्ही तिचा अर्थ उलटा केला."

५. साताऱ्यातील दोन पाऊस

अभिसरणावाचूनही मुसळधार पाऊस पडतो, ह्याचा पुरावा सातारा जिल्ह्यातच आहे. महाबळेश्वरास वर्षाला सुमारे साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून पूर्वेस शंभरएक किलोमीटरांवर माण तालुक्यात तो पाचशे मिलिमीटरांच्या आसपास असतो. आषाढात महाबळेश्वरावर दिवसच्या दिवस संततधार लागते, तरी गडगडाट क्वचितच ऐकू येतो. तेथे समुद्रावरून आलेला वारा सह्याद्रीवर आदळून बळेच वर चढविला जातो. ढग बहुधा ठेंगणे असतात, पण वाफेचा पुरवठा अखंड असतो. माणदेशात तोच वारा डोंगर उतरून कोरडा झालेला असतो, म्हणून तेथील शेतकरी वळवाकडे व परतीच्या पावसाकडे डोळे लावून बसतो.

हे ढग जवळून पाहण्यासाठी पुण्याच्या वर सांगितलेल्या संस्थेने २०१२ साली महाबळेश्वरास ढगांची प्रयोगशाळा उघडली, व वाईजवळ मांढरदेवच्या डोंगरावर ढगांतील थेंब दुरून मोजणारे रडार बसविले. ज्या डोंगरांवरून आम्ही पायी प्रवास केला, तेथेच ह्या जुन्या वादाचे पुरावे गोळा होत आहेत, ही आपणांस अभिमानाची गोष्ट आहे.

६. वीज व पायाळू मूल

उंच ढगात बर्फाचे कण व मऊ गारा एकमेकांवर आपटतात, व त्या घर्षणाने विद्युत् निराळी होते. बहुतकरून ढगाच्या माथ्याकडे एक प्रकार व खालच्या अंगास दुसरा प्रकार साठतो. ती जमिनीकडे झेपावते तेव्हा जवळ जे उंच व एकटे असेल ते तिला सोपे पडते : माळावरचे झाड, देवळाचा कळस, उघड्या रानात उभा असलेला मनुष्य. तो मनुष्य जन्मताना डोक्याने आला की पायाने, ह्याची तिला खबर नसते. पायाळू मुलास घरात कोंडणे, त्याच्या आईस टोचून बोलणे, व त्याच्या बापाकडून पैसे घेणे हा अन्याय आहे. आणि ह्या समजुतीने दुसरेही नुकसान होते : पायाळू नसलेला मनुष्य निर्धास्तपणे झाडाखाली उभा राहतो व मरतो.

म्हणून पुढील गोष्टी प्रत्येक घरी सांगाव्या. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजावे; तीन सेकंदांस एक किलोमीटर अंतर होते. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरांच्या आत आहे. ताबडतोब पक्क्या घरात जावे, आणि शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास होईपर्यंत बाहेर पडू नये. बंद मोटारगाडीही सुरक्षित असते. झाडाखाली, उघड्या छपरीत, विहिरीत, पाण्यात अथवा तारेच्या कुंपणाशी थांबू नये. घर जवळ नसेल तर खोलगट जागी दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे. आडवे पडू नये. गुरे झाडाखाली बांधू नयेत. वीज जमिनीतून पसरते, व पुढच्या-मागच्या पायांत अंतर असल्यामुळे ती गुरांच्या अंगातून जाते. आमच्या गोष्टीतील बैल बहुधा ह्याच रीतीने गेले. वीज पडलेल्या मनुष्याच्या अंगात वीज उरत नाही, त्यास हात लावण्यास भिऊ नये. श्वास व नाडी थांबली असल्यास लगेच छातीवर दाब देऊन कृत्रिम श्वास द्यावा व दवाखान्यात न्यावे. अशी पुष्कळ माणसे वाचतात. ज्यांजवळ नवा मोबाईल फोन आहे त्यांनी त्याच पुण्याच्या संस्थेची 'दामिनी' ही सोय घ्यावी. जवळपास विजेचा संभव असल्यास ती सूचना देते.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही त्या गावी पुन्हा गेलो. तो मुलगा आता चांगला उंच झाला आहे. बापाने भरलेली रक्कम परत मिळाली नाही. ते वृद्ध गृहस्थ अजून आहेत. त्यांस आम्ही गाडी व दगडाचा दृष्टांत सांगितला. ते बराच वेळ विचार करून म्हणाले, "हे त्या रात्री सांगावयास पाहिजे होते." त्यावर आम्हांस काही बोलता आले नाही. परंतु तिसऱ्या प्रहरी दक्षिणेकडे गडगडले, तेव्हा चिंचेखाली बांधलेली आपली म्हैस सोडून आणण्यास तेच प्रथम उठले.

पाठावरील प्रश्न

(१) माठातील पाणी गार होणे व ढग उंच वाढणे ह्या दोहोंत कोणता संबंध आहे?
(२) एस्पी व रेडफील्ड ह्यांपैकी कोणाचे खरे ठरले? फेरेलने काय दाखविले?
(३) उतारावरील गाडीच्या दृष्टांतात भार, दगड व धक्का ह्यांनी काय समजावे?
(४) महाबळेश्वरचा पाऊस व माणदेशातील वळीव ह्यांत भेद कोणता?
(५) तुमच्या गावी गेल्या वळवाच्या आधी वारा कोणत्या दिशेचा होता? येत्या उन्हाळ्यात रोज दुपारी वारा, ढग व उकाडा ह्यांची नोंद वहीत करा.
(६) तुमच्या गावी पायाळू म्हणून कोणा मुलास दूर ठेवितात काय? त्याच्या घरी जाऊन हा पाठ वाचून दाखवा.